टेबलावरचा कर्ण

डोकं अर्जुनाचं आणि धड टी-७२चं. अशी ही स्वारी नळी सोडली तर जेमतेम वीतभर लांब. मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा हा गडी हेमलकशातल्या माझ्या खोलीत, खिडकीपासून जरा आत टेबलावर असतो. अगदी खिडकीत ठेवला तर पावसाची झड लागते, आणि त्याचा स्वभाव तसा नाजूक आहे. नाव कर्ण.

नाव मी ठेवलेलं नाही. चेन्नईजवळ आवडीला संरक्षण संशोधनवाल्यांची जी रणगाड्यांची प्रयोगशाळा आहे, तिथे रशियन घराण्याच्या टी-७२च्या चेसिसवर देशी अर्जुनाचा बुरूज बसवून एक नमुना तयार झाला. कागदोपत्री तो टँक-एक्स, बोलताना कर्ण. अर्जुन ५८.५ टनांचा, कर्ण ४७ टनांच्या आसपास. तोफ मात्र अर्जुनाचीच, १२० मिलिमीटरची. चाचण्या झाल्या आणि लष्कराने त्याला नाकारलं. या घराण्यात आणखी एक जण आहे, भीम. अर्जुनाच्या चेसिसवर दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीची १५५ मिलिमीटरची तोफ, असा तो बेत होता. २००५ साली डेनेलशी व्यवहार थांबले आणि भीमही बारगळला. फलटण मिळाली ती एकट्या अर्जुनाला, आणि तीही किती उशिरा! इथे हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३च्या डिसेंबरात. अर्जुनाला सरकारी मंजुरी मिळाली त्यानंतर काही महिन्यांनी, १९७४ साली. झाडाखाली सुरू झालेल्या दवाखान्यात पेशंटांच्या पिढ्या येऊन गेल्या, शाळेतली पोरं बापे झाली, आणि अर्जुनाची पहिली तुकडी लष्कराच्या हाती पडली २००४ साली. कर्णाने कुणाकडे दाद मागावी?

आमच्या कर्णाचं धड तामिया कंपनीच्या टी-७२च्या किटातलं. सहा-सहा चाकं, रबरी पट्टे, सगळं डब्यात तयार. बुरूज मात्र मला हाताने करावा लागला, आणि तिथे अर्जुनाचे उपकार मानले पाहिजेत. टी-७२चा बुरूज पालथ्या कढईसारखा गोल. अर्जुनाचा सरळ, उभ्या सपाट भिंतींचा, चौकोनी हाडाचा. मिलिमीटरभर जाडीच्या पांढऱ्या प्लॅस्टिक शीटवर कागदी नकाशा चिकटवायचा, ब्लेड फिरवायचं, कडा पॉलिशपेपरवर घासायच्या आणि सांध्यात पातळ सिमेंटचा थेंब सोडायचा. थेंब फटीतून पळतो आणि प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. हा गोंद नाही, वेल्डिंग आहे. तोफेच्या नळीचं भोक या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरला किंचित कमी येतं. नळीच्या मधोमध जो फुगवटा असतो, तो वहीच्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केला. बुरूज चिकटवलेला नाही, नुसता ठेवला आहे. कर्णाचं डोकं कधीही उचलून बाजूला ठेवता येतं.

हे पस्तिसाचं प्रमाणही काही शास्त्रीपंडितांनी ठरवलेलं नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी तामियाने जर्मन पँथरचं मोटारीवर चालणारं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावल्या तेव्हा आकार मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास निघाला, आणि मग जगभरच्या रणगाड्यांना त्याच मापात बसावं लागलं.

रंग लावेपर्यंत कर्ण शहाण्यासारखा वागला. पुढे मात्र रुसून बसला. मॅट वार्निश दमट हवेत मारलं की वर पांढरट साय धरते, आणि इथे जूनपासून हवा म्हणजे ओलं फडकं. तिकडे पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून भामरागड तुटत होतं आणि इकडे हे महाशय वार्निशावाचून अर्धेमुर्धे उभे.

पण खरी अडचण हवेची नव्हतीच, चिखलाची होती. या छंदात रंग देऊन काम संपत नाही. वेदरिंग करावं लागतं. काळपट पातळ रंग फटींत सोडायचा, कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या, चाकांवर धूळ, सायलेन्सरवर गंज, मडगार्डवर वाळलेला चिखल. बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन रणगाडा करायचा तर शकरगडची माती कशी दिसते ते शोधायचं, फोटो बघायचे आणि लावायची. कर्णाला कुठली माती लावणार? तो लढला नाही, सरावाला गेला नाही, कुठल्या सवाराने त्याच्यावर डबा ठेवून चहा प्यायला नाही. महाभारतातल्या कर्णाचं चाक जमिनीने गिळलं म्हणून आपण हळहळतो. याचं चाक कुठे रुतलंच नाही. रुतायला आधी रणांगणावर जावं लागतं.

रुतण्याचा मान मिळाला तो झारच्या रशियातल्या एका अजस्र गाड्याला. पुढे नऊ-नऊ मीटर उंचीची दोन चाकं, मागे दीड मीटरचा छोटा रोलर, असा तीनचाकी सायकलीच्या थाटाचा तो रणगाडा १९१५च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोजवळच्या जंगलात चाचणीला काढला. मोठी चाकं निघाली, मागचा रोलर मऊ जमिनीत बसला, तो बसलाच. १९२३ साली भंगारात जाईपर्यंत तो त्याच जागी उभा होता. त्याचं मॉडेल करणारे सुखी. त्यांनी वाटेल तेवढा चिखल फासावा, कुणी हरकत घेणार नाही.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४पासून विजयंता, पॅटन, चर्चिल असे एकेक खानदानी रणगाडे उघड्यावर उभे आहेत. त्यांच्याकडे बघताना कळतं की अंगावरच्या पोच्यांनाही बिरुदाची किंमत येते. आमच्या या गड्याच्या अंगावर पोचा नाही. शेवटी मी त्याला चाचणीच्या मैदानावरची असावी अशी पिवळट धूळ दिली, तीही बेताने, पट्ट्यांच्या वर चढणार नाही अशी. एका जाणकार मित्राने फोटो बघून कळवलं, "फार स्वच्छ वाटतोय." बरोबरच आहे.

वसाहतीतल्या पोरांना धुळीशी देणंघेणं नव्हतं. त्यातल्या आठवीतल्या एकाने कर्ण उचलला, थेट उलटा केला आणि विचारलं, "सर, याचा तळ सपाट कसा?"

इतकी मॉडेलं मोठ्या माणसांना दाखवली, तळ कुणी बघितला नव्हता. पण आमच्या जिल्ह्यात चिलखती गाडी म्हणजे पोलिसांची सुरुंग झेलणारी गाडी. तिचा तळ नांगराच्या फाळासारखा खाली निमुळता असतो, स्फोट दोन्ही बाजूंना फुटावा म्हणून. पोरांनी ती रस्त्यावर पाहिलेली. त्यांच्या हिशेबात सपाट तळाची गाडी म्हणजे अर्धवट काम. मी सांगितलं, हा समोरून येणारा गोळा झेलायला केलाय, खालून येणारा सुरुंग नाही. त्याने मान हलवली, पण पटलं नसावं.

दुसरा प्रश्न पुलाचा. हा पर्लकोटेच्या पुलावरून जाईल का?

प्रश्न पोरकट नाही. रणगाड्यांची निम्मी भांडणं पुलांशीच असतात. अर्जुनाच्या वजनावर जी टीका झाली तीत पूल होतेच. जर्मनांचा माऊस १८८ टनांचा. त्याला पेलेल असा पूल मिळणं अवघड, म्हणून त्याने नदीच्या तळातून जायचं ठरलं होतं. इंजिनला पाण्याखाली हवा मिळणार नाही, तेव्हा काठावरच्या दुसऱ्या माऊसने केबलमधून वीज पुरवायची. असे दोनच नमुने बनले.

मग हिशेब मांडला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीसपट घटतात, म्हणजे वजन पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, ४२,८७५ पटींनी घटतं. ४७ टनांचे होतात १,०९६ ग्रॅम. कर्णाचं डोकं काढून पोटात पर्लकोटेची कोरडी वाळू ओतली. काटा किलोच्या अलीकडेच थांबला. उरलेल्या वजनासाठी कुणीतरी सायकलचे छर्रे आणले. पोरांनी बांबूच्या कामट्या बांधून पूल केला आणि कर्ण हाताने ढकलत पार नेला. पूल हललासुद्धा नाही.

तो हलणार नव्हताच. वजन घनाने घटतं, मजबुती वर्गाने, त्यामुळे लहान पूल नेहमी बढाई मारतो. हे मी सांगेपर्यंत आठवीतल्या गृहस्थाने अर्जुनाचं वजन विचारलं. १,३६४ ग्रॅम. आणखी छर्रे घातले. पूल तसाच. मग माऊस. चार किलो आणि वर जवळपास चारशे ग्रॅम. तेवढे छर्रे अख्ख्या भामरागडात मिळाले नसते, म्हणून कर्णाला उतरवून वीट आणि वर दगड ठेवला. मधली कामटी कडाडली आणि सगळं खाली आलं.

पोरं जाम खूश झाली. कर्ण पार झाला तेव्हा इतकी खूश नव्हती.