मडक्यातली पिले आणि मादीची चोच

रुग्णाची माहिती घेताना ‘घरात पक्षी आहेत का?’ हा प्रश्न मी गेली अनेक वर्षे न चुकता विचारतो. साखर, रक्तदाब, तंबाखू यांच्या पंक्तीला पोपट कशासाठी, असे भाव अनेकांच्या चेहऱ्यावर उमटतात. परंतु ज्येष्ठांच्या घरांत पिंजरा हल्ली वरचेवर आढळतो. मुले परगावी असतात, जोडीदार निघून गेलेला असतो, आणि सकाळचा चिवचिवाट घराला जाग आणतो. हा आनंद मला मनापासून मान्य आहे. माझ्याही गॅलरीत असे चार पक्षी आहेत. म्हणूनच या छंदाची जी बाजू विक्रेता सांगत नाही, तिच्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आपल्याकडे बाजारात ‘लव्हबर्ड्स’ म्हणून जे हिरवे, पिवळे, निळे छोटे पोपट मिळतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातला. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तेथून तो जगभरच्या घरांत पोहोचला. आपला देशी पोपट, म्हणजे लाल चोचीचा आणि गळ्यात कंठी असलेला राघू, पाळणे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पुढचे सारे विवेचन बजरीगरविषयी आहे.

माझ्याकडे नियमित येणारे शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ आहेत. पत्नीच्या निधनानंतर मुलाने त्यांना बजरीगरची एक जोडी आणून दिली. पिंजऱ्यात मडके टांगले, अंडी झाली, पिले झाली. दर भेटीला ते मला पिलांची संख्या सांगत, जणू नातवंडांचे गुणपत्रक दाखवावे तसे. एका सोमवारी मात्र ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब एकशे सत्तर होता आणि हात थरथरत होते. आदल्या रात्री मादीने मडक्यातल्या थोरल्या पिलाचे डोके चोचीने रक्तबंबाळ केले होते. “डॉक्टरसाहेब, ती आई नाही, कैदाशीण आहे. आजच दुकानदाराला परत देतो,” असे ते म्हणाले. ते दोन रात्री झोपले नव्हते. सोबत आलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “सगळेच पक्षी देऊन टाकू या का? बाबांना हा त्रास सोसवत नाही.”

मी विचारले, “काका, दिवाळीपासून ही कितवी वीण?” उत्तर आले, “तिसरी. आणि मडक्यात कालच नवे अंडे दिसले.” माझ्या मते दुखण्याचे मूळ तेथेच होते.

बजरीगरची मादी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवू लागते आणि सुमारे अठरा दिवसांनी पिले बाहेर येतात. तीही एकाच दिवशी नव्हे, तर अंड्यांच्या क्रमाने. त्यामुळे थोरल्या आणि धाकट्या पिलांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. थोरले पिसांनी भरत आलेले असते तेव्हा धाकटे अजून उघडेबोडके असते. पिले मडके सोडतात ती तीस-पस्तिसाव्या दिवशी. आता दाणापाणी भरपूर आहे, प्रकाश लांबवर मिळतो आहे आणि मडके जागेवरच आहे, म्हटल्यावर मादीचे शरीर पुढच्या विणीची तयारी आधीच सुरू करते. तिला त्याच अंधाऱ्या जागेत नवी अंडी घालायची असतात आणि जुनी पिले अजून तेथेच बसलेली असतात. मग ती त्यांना ढकलते, त्यांची पिसे उपटते, कधी डोक्यावर चोच मारते. उगवती पिसे रक्ताने भरलेली असतात, त्यामुळे एक उपटले तरी बरेच रक्त येते. एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या आणि मोजकी मडकी असतील, तर दुसरी मादी मडक्यात शिरून अंडी फोडते, पिले मारते. तेथे तर आईचा संबंधही नसतो.

ऑस्ट्रेलियात इक्लेक्टस नावाचा मोठा पोपट आहे. त्याचा नर हिरवा, मादी लालभडक. रॉबर्ट हाइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण असे, की ज्यांच्या ढोलीत पावसाचे पाणी शिरते अशा माद्या कधी कधी आपली नर पिले उबल्यावर तीन दिवसांच्या आतच मारतात. मादी पिलू नरापेक्षा लवकर उडते, त्यामुळे पाणी भरण्यापूर्वी ते तरी वाचण्याची शक्यता वाढते. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण चांगल्या, कोरड्या ढोलीतल्या माद्या असे करत नाहीत, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब. काकांना मी हेच सांगितले. मादीला शिव्या देऊन काही साधणार नव्हते. तिची ढोली आपणच टांगली होती.

पुढचे काम तातडीचे होते. मी माणसांचा डॉक्टर. जखमी पिलू त्यांनी पशुवैद्यांकडे नेले. मादीला त्याच दुपारी दुसऱ्या खोलीत वेगळ्या पिंजऱ्यात हलवले. बापाला पिलांजवळ ठेवले, कारण दोन-तीन आठवड्यांपुढची पिले बजरीगरचा नर एकट्याने भरवू शकतो. पिले अगदी लहान असती तर हा उपाय चालला नसता. त्यांना आईची ऊब लागते. अंगभर पिसे आलेली दोन पिले छोट्या पिंजऱ्यात घालून तो मोठ्या पिंजऱ्याला चिकटवून टांगला. गजांतून नर त्यांना भरवू लागला. नवे अंडे काढून टाकले. थोरले पिलू मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. उरलेली चार जगली.

हाताने भरवण्याचा मोह अनेकांना होतो. पशुवैद्यांनी प्रत्यक्ष शिकवल्याशिवाय तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भरवणी जास्त गरम असली तर पिलाची अन्नपिशवी आतून भाजते, थंड असली तर ती साचून राहते, आणि घाईने ढकललेला घास श्वासनलिकेत जातो. ज्यांचा हात कापतो किंवा ज्यांना जवळचे नीट दिसत नाही, त्यांनी तर हे धाडस मुळीच करू नये.

वर्षाला दोन विणी पुरेत. दुसऱ्या विणीची पिले स्वतः दाणे टिपू लागली की मडके काढून ठेवावे, नर-मादी काही काळ वेगळे करावेत, भिजवलेले आणि मोड आलेले दाणे बंद करून साधे राळे-बाजरी द्यावी, संध्याकाळी पिंजऱ्यावर लवकर कापड टाकावे. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात बारमाही असावा; अंड्यांच्या कवचासाठी मादीच्या हाडांतला चुना खर्ची पडतो.

सूनबाई हे सारे कागदावर लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, “विश्रांती दिली की चोच मारत नाही म्हणता. हे आमच्या घरातल्या माणसांनाही सांगा.” हसून बोलल्या, पण मी पेन खाली ठेवले. चार वर्षे सासऱ्यांची औषधे, पथ्य, फेऱ्या त्या एकट्या पाहत आहेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आता त्यांचे यजमान लवकर घरी येतात.

आता मूळ प्रश्नाकडे. काकांना महिनाभर कोरडा खोकला होता. पिंजरा ते सकाळी कोरडाच खरवडत आणि दाण्यांची फोलपटे तोंडाने फुंकून उडवत. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो: ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण डॉक्टरला पक्ष्यांची माहितीच नसेल तर भलतेच प्रतिजैविक दिले जाते. दुसरा विकार संथ आहे. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीची फुप्फुसांना ॲलर्जी जडते, दम हळूहळू वाढतो आणि लोक तो वयाच्या खात्यावर टाकतात. यात पक्ष्यांपासून दूर राहणे हाच मुख्य उपचार असतो.

काकांचा एक्स-रे स्वच्छ होता, ऑक्सिजनही ठीक होता. पिंजरा आधी पाण्याने ओला करून, मास्क लावून पुसायचा, कागद रोज बदलायचा, फुंकायचे नाही, आणि पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवायचा नाही, एवढे ठरले. तीन आठवड्यांत खोकला गेला. तो टिकला असता तर पक्षी दुसऱ्या घरी द्यायला मी सांगितले असते, आणि ते मला जड गेले असते. ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा जे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांनी पिंजऱ्याची सफाई दुसऱ्याकडे सोपवावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी चोचीची लहान जखमही वाहत्या पाण्याने, साबणाने धुवावी.

विणीवर आलेल्या बजरीगर मादीच्या चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा पट्टा गडद तपकिरी आणि खरबरीत होतो. विश्रांती मिळाली की तो फिकट पडतो. गेल्या महिन्यात रक्तदाब तपासताना काकांनी स्वतःहून सांगितले, “पट्टा आता बराच पांढुरका झालाय. मडके माळ्यावर आहे. पावसाळा संपेपर्यंत काढत नाही.” पट्टीतला आकडा तेव्हा एकशे छत्तीस होता.