“आजी आज गप्प गप्प आहेत” एवढ्यावरही फोन करा

नांदेड-लातूरकडच्या वृद्धाश्रमांत तपासणीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर येतं, “काही नाही सर, वयच झालंय.” या वाक्याआड बरेच आजार लपून बसतात.

गेल्या हिवाळ्यात तिथं काळजी घेणाऱ्या एका मावशींचा दुपारी फोन आला. “सर, ताप नाही, खोकला नाही. पण आजी सकाळपासून गप्प आहेत, भाकरी तशीच ठेवली, मला ओळखलंही नाही.” एवढ्याशासाठी डॉक्टरांना त्रास, म्हणून त्या ओशाळल्या होत्या. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला सांगितला. तीस भरले! आजींना न्यूमोनिया झाला होता. संध्याकाळपर्यंत त्या रुग्णालयात होत्या, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं होतं. बऱ्या होऊन परतल्या.

उतारवयात संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. न्यूमोनिया असो की लघवीचा संसर्ग, पहिली खूण पुष्कळदा गोंधळ, सुस्ती, तोल जाणं किंवा जेवण सोडणं हीच असते. इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘न्यूज-2’ नावाची गुणपद्धत वापरतात. तिच्यात नव्याने आलेल्या गोंधळाला 3 गुण आणि मिनिटाला 25 किंवा जास्त श्वासांना 3 गुण. 5 गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं. मावशींनी मशीन न लावता 6 गुण सांगितले होते.

मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण सुटलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. तिथे माझ्या फोनचीही वाट न बघता 108 लावा. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. रात्री उठायला नको म्हणून कित्येक आजोबा संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत (हे ते कुणाला सांगतही नाहीत).

फोनवर निदान सांगू नका, ते आमचं काम. कालपेक्षा काय बदललं, केव्हापासून, नाडी, श्वास, बीपी, साखर आणि चालू गोळ्या एवढं सांगा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र दुसरीकडेच जातो. “मुलगा पुण्याला असतो, त्याला विचारून कळवतो.” मुलगा मीटिंगमध्ये, सून फोन उचलत नाही, दोन तास संपले. तातडीच्या वेळी थेट दवाखान्यात न्यायची लेखी संमती आणि दुसऱ्या एका नातेवाइकाचा नंबर प्रवेशाच्या दिवशीच घेऊन ठेवा. आई-वडील आश्रमात असतील, तर हा कागद तुम्ही स्वतःहून नेऊन द्या.