पुढची चाके

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात एक रकाना असतो : ‘वडिलांचा व्यवसाय’. प्रथम वर्षाला तो भरताना माझे पेन क्षणभर थांबले आणि मग मी लिहिले, ‘व्यापार’. अगदीच खोटे नव्हते ते. अण्णांच्या गॅरेजात चार नटबोल्ट, दोन फॅनबेल्ट विकायला टांगलेले असतात. पण अण्णा व्यापारी नव्हेत. कोयनेच्या खोऱ्यात, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्या दुरुस्त करतात. सातवीतून शाळा सुटली तेव्हा त्यांनी पाना हाती धरला, तो अजून सुटलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या पायरीवर ग्रीसचा डाग पडू नये, असे मला वाटत होते. आज हे लिहिताना लाज वाटते. पण वाटत होते, हे खरे.

त्याच आषाढातली गोष्ट. आमच्या गावच्या तात्यांकडे एक जुनी जीप आहे. वरच्या वाड्यांवरचे दूध खाली आणायचे आणि खालचा किराणा वर न्यायचा, हा तिचा नेम. पावसाळ्यात त्या वाटेवर लाल मातीचा नुसता राडा होतो. दुसरी कोणतीच गाडी वर चढत नाही. जीपचा जन्मच मुळी असल्या चिखलासाठी झालेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, अमेरिकेतील विलीस कंपनीने ती सैन्यासाठी बनवली आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईतही तिची जुळणी होऊ लागली.

एका सकाळी तात्या भिजत आले. म्हणाले, “मिस्त्री, फोर व्हीलचा दांडा पडतोय, पन पुढची चाकं वढत न्हाईत. मागची नुसती जागेवर फिरत्यात. कालपास्नं वरचं दूध वरच हाय.” तालुक्याच्या एका मोठ्या गॅरेजात त्यांनी विचारले होते. तिथे गाडी न बघताच सांगितले, ट्रान्सफर केस गेली, पंधरा हजार लागतील. पंधरा हजार म्हणजे तात्यांची एक म्हैसच विकायची!

मी मोबाइलवर पाहिले. तिथेही ‘ट्रान्सफर केस’ हा शब्द सापडला. मग काय, मी शहाणपणाने म्हणाले, “अण्णा, हे आपल्याला जमणारं नाही. मोठ्या गॅरेजला पाठवा.” तात्यांसमोर म्हणाले. अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “आधी गाडीला इचारू. मग मानसांना.”

आता वाचकांना थोडे समजावून सांगितले पाहिजे. एरवी जीपच्या इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांनाच मिळते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिचा दांडा टाकला की पुढे जाणारा शाफ्टही फिरू लागतो. पण एवढ्याने भागत नाही. तात्यांच्या जीपसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतात. त्यांवरची चकती हाताने ‘लॉक’वर फिरवली, तरच आतला आस चाकाला धरतो. डांबरी रस्त्यावर ते मोकळे ठेवतात. तात्यांनी दोन्ही चकत्या ‘लॉक’वर आणल्या होत्या. मग अडले कुठे?

अण्णांनी इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि मला पोत्यावर झोपून गाडीखाली जायला सांगितले. वरून ते दांडा काढत, टाकत होते. “शाफ्ट हातानं फिरतोय?” दांडा काढला की फिरत होता. टाकला की जागचा हलत नव्हता. “म्हंजे दांडा चांगला, ट्रान्सफर केसबी चांगली,” अण्णा म्हणाले. दहा मिनिटांत पंधरा हजार वाचले होते!

मग त्यांनी पुढचे उजवे चाक जॅकवर उचलले. फोर व्हील लागले असते तर ते हाताने फिरलेच नसते. ते फिरले, पण जड, आतले दाते फिरल्याचा आवाज करीत. ते खाली ठेवून डावे उचलले. तेही फिरले, पण सायकलच्या चाकासारखे हलके, मुके. “दोनी फिरव आन् सांग,” अण्णा म्हणाले. मी फिरवून पाहिली. फरक माझ्याही हाताला कळला. उजवे चाक आपल्या आसाला धरून होते. डाव्याने मात्र आसाचा हात सोडला होता. पुढच्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की जिकडे अडथळा कमी तिकडे फिरायचे. म्हणून सगळे फिरणे डाव्या बाजूच्या मोकळ्या आसात वाया जात होते. एका हबापायी चांगले उजवे चाकही निकामी!

डावा हब उघडला. आत पाणी शिरून गंज चढला होता, जुने ग्रीस खपलीसारखे वाळले होते. सरकणारी कडी अडकून बसली होती. बाहेरची चकती ‘लॉक’ म्हणत होती आणि आत काहीच जुळले नव्हते. अण्णांनी सगळे रॉकेलमध्ये धुतले, पॉलिश पेपर मारला, बेताचे ग्रीस लावले. पुन्हा चाक उचलून पाहिले, तर ते जागचे हलेना. संध्याकाळी दूध खाली आले. अण्णांनी दोनशे रुपये घेतले.

पुढे दिवाळीनंतर तर्कशास्त्राच्या तासाला सर शिकवत होते : संभाव्य कारणे मांडा, एकेक तपासा, खोटे ठरेल ते वगळा, उरेल ते पुन्हा पडताळा. सगळा वर्ग उतरवून घेत होता. माझी वही मात्र कोरीच राहिली. हे मी पोत्यावर झोपून शिकले होते. आणि ज्याच्याकडून शिकले, त्याला मी चारचौघांत ‘जमणार नाही’ म्हणाले होते. त्या चकतीसारखेच माझे झाले होते. बाहेर लिहिलेले, ‘कॉलेज’. आत ज्याने धरायचे त्यालाच मी सोडले होते.

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरला. त्या रकान्यात लिहिले, ‘मोटार मेकॅनिक’. सहीसाठी अर्ज अण्णांपुढे ठेवला तेव्हा एकदम ध्यानात आले, की मागच्या अर्जावरही सही त्यांचीच होती. ते प्रत्येक कागद वाचल्याशिवाय सही करीत नाहीत. म्हणजे ‘व्यापार’ त्यांनी वाचला होता. वाचून सही केली होती आणि वर्षभर एका शब्दाने बोलले नव्हते.

या वेळीही त्यांनी सावकाश वाचले. त्या रकान्यापाशी थोडे थांबले. मग हात फडक्याला पुसून सही केली. तरी कागदाच्या कडेला अंगठ्याचा एक काळा ठसा उमटलाच. “आगं, दुसरा फॉर्म आन,” ते म्हणाले.

मी आणला नाही. तोच अर्ज कार्यालयात दिला.

— द्वितीय वर्ष, कला