भिंतीला टेकलेले पाय

परवा भाजीवाल्याने मूठभर चिल्लर दिली. हल्ली सगळेच मोबाइल पुढे करतात, त्यामुळे त्याच्याकडे साचलेली नाणी त्याने माझ्या हातात रिकामी केली. एका हातात पिशवी, दुसऱ्या मुठीत नाणी, अशी मी जिना चढून घरी आले. मूठ उघडली तर तळहाताला घामाचा आणि धातूचा मिसळलेला वास. बाबांच्या हाताचा वास. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि आजची सक्रिय मिनिटं पूर्ण झाल्याचं सांगू लागलं.

बाबा मुंबईत डबलडेकरवर कंडक्टर होते, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर. हात साबणाने कितीही घासले तरी रात्री आमच्या अंगावर पांघरूण घालताना त्यांच्या बोटांना नाण्यांचा वास यायचाच. पण त्यांचं नाव काढलं की मला हातांच्या आधी पाय आठवतात. ड्यूटीवरून आले की ते चटईवर पाठ टेकायचे आणि दोन्ही पाय भिंतीला उभे लावून पडायचे. डोळे मिटलेले. पोटऱ्यांवर निळ्या शिरा तटतटलेल्या. आई आम्हाला खुणेनेच गॅलरीत पिटाळायची. टाचा टेकून टेकून भिंतीवर दोन तेलकट डाग पडले होते. दिवाळीला चुना मारला की ते जायचे आणि तुळशीचं लग्न होईतो पुन्हा उमटायचे.

सक्रिय मिनिटं मोजणारी ही घड्याळं आता घरोघरी आहेत. मला एकच जाणून घ्यायचं होतं: बाबांचा दिवस या घड्याळाला कसा दिसला असता? म्हणून लेकीला खोदखोदून विचारलं, मग स्वतः वाचत गेले.

घड्याळाला मुख्यतः दोन गोष्टी कळतात. पहिली, मनगट किती आणि कसं हललं. आतला संवेदक तीन दिशांमधली हालचाल सेकंदाला कितीतरी वेळा टिपत असतो. चालताना हात झुलतो, त्या झुलण्याला लय असते. ती लय सापडली की पाऊल मोजलं जातं. दुसरी गोष्ट नाडी. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीवर उजेड टाकतात आणि रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं तेव्हा उजेड कमी परततो, ओसरतं तेव्हा जास्त. त्या चढउतारावरून ठोके मोजायचे. कातडीवर उजेड टाकून रक्ताची चाल पाहण्याची ही रीत अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी 1930 च्या दशकातच वापरली होती.

आता बाबा. डाव्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी, उजव्या हातात पंच, खांद्याला चामड्याची पिशवी. दांडी धरायला हात उरत नसे. सीटच्या कडेला कंबर टेकवायची, पाय फाकवायचे आणि गाडी वळणावर कलली की अंगाचा भार एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. पेटीचा हात मात्र जागचा हलू द्यायचा नाही. त्याच डाव्या मनगटावर त्यांचं किल्लीचं एचएमटी असायचं. तिथे आजचं घड्याळ असतं तर त्याला तो हात जवळजवळ स्वस्थ दिसला असता. बाबागाडी ढकलणाऱ्या आईची पावलं ही घड्याळं कमी मोजतात, कारण तिचा हात झुलत नाही. डोक्यावरचा हंडा हाताने सावरत चालणाऱ्या बाईचीही तीच गत. चालत्या गाडीत तोल सांभाळणं, हे अंगमोडीचं काम, त्यासाठी तर त्यात खातंच नाही.

मग नाडी तरी बाबांची बाजू घेईल? नाडी खरं बोलते, पण तिचा अर्थ लावायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. 220 मधून वय वजा केलं की ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, हे सूत्र 1970 च्या दशकापासून रूढ आहे. मी साठीची, म्हणजे माझी मर्यादा 160. तिच्या 50 ते 70 टक्के म्हणजे मध्यम व्यायाम, असा एक हिशेब; त्यात माझा व्यायाम 80 ठोक्यांनाच सुरू होतो. फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या 1957 च्या अभ्यासावरून आलेला हिशेब वेगळा आहे. त्यात कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे आणि उरलेल्या राखीव ठोक्यांची टक्केवारी धरायची. विश्रांतीत माझे ठोके 70 धरले तर राखीव 90. मध्यम व्यायाम त्यांच्या 40 टक्क्यांपासून, म्हणजे 106 ठोक्यांपासून. जिना चढताना माझे ठोके 95 झाले तर पहिल्या हिशेबात तो व्यायाम, दुसऱ्यात काहीच नाही. बाई तीच, जिना तोच.

तिसरी रीत ऑक्सिजनची. स्वस्थ बसलेलं शरीर वजनाच्या किलोमागे मिनिटाला 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं असं धरून त्याला एक मेट म्हणतात. 3 ते 6 मेटचं काम मध्यम, त्यावरचं जोमाचं. अमेरिकेत बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अशा कामांची भली मोठी यादी छापली. त्या यादीवर माझा जीव आहे. धावणं, पोहणं, सायकल यांच्याच पंगतीला तिने केर काढणं, लादी पुसणं, ओझी वाहणं, शेतात राबणं यांनाही बसवलं आणि प्रत्येकाला आकडा दिला.

आणि सलग किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या सूचनांनुसार निदान 10 मिनिटं सलग झालेले श्रमच धरायचे होते, आणि काही घड्याळंही तसंच मोजत. 2020 मध्ये ही अट निघाली. आता आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमाची हालचाल हवी, तुकड्यातुकड्याने झाली तरी चालेल, असं सांगतात. जुन्या अटीत बाबा बसले नसते. त्यांचे सगळे श्रम दोन स्टॉपांच्या मधले.

राहिला भिंतीचा अर्धा तास. पाय वर, ठोके हळूहळू उतरत चाललेले. घड्याळाच्या लेखी हा रिकामा वेळ. फार वेळ स्वस्थ राहिलं की अनेक घड्याळं 'उठा, हालचाल करा' म्हणून टोचतात. माझ्या घड्याळातली ती सूचना मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. भिंतीला पाय लावून पडलेल्या त्या माणसाला कुणीही, यंत्रानेसुद्धा, ऊठ म्हटलेलं मला सहन होणार नाही.

हे सगळं वाचताना लंडनची एक गोष्ट मध्ये आली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिथल्या वाहतूक कामगारांचा अभ्यास छापला. त्यात डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर होते. वर्ग एक, गाडी एक, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला सुमारे 600 पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांना कमी, ड्रायव्हरांना जास्त, आणि झाला तर जास्त घातक. हालचाल हृदयाला राखते, या आजच्या समजुतीचा पाया त्या जिन्यावर रचला गेला. मनगटावरची सक्रिय मिनिटं शेवटी त्याच घराण्यातली. हे वाचून माझा ऊर भरून आला. कंडक्टर! म्हणजे बाबांच्याच धंद्यातली माणसं.

पण ती गोष्ट बाबांना नीट बसेना. मुंबईच्या डबलडेकरवर कंडक्टर दोन असत, एक खाली, एक वर. बाबांच्या वाट्याला जिना पाळीत मोजकाच यायचा; उरलेला दिवस उभं राहण्याचा आणि डुलण्याचा. शिवाय मॉरिस यांच्याच गटाने 1956 मध्ये गणवेशांचे कागद काढले, तर ड्रायव्हरांच्या विजारी मुळातच कंबरेत रुंद निघाल्या. म्हणजे नोकरीला लागतानाच ते जाड होते. सगळं श्रेय पायऱ्यांना देता येईना. मॉरिस यांनी हे लपवलं नाही. त्यांनी पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून असेही तपासले होते, आणि हालचालीचा मुद्दा टिकला. मॉरिस स्वतः शंभरीच्या उंबरठ्यावर, 2009 मध्ये गेले.

त्यानंतर वाचला डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमान यांचा मुद्दा. व्यायामातल्या हालचालीने हृदयाचं भलं होतं, पण दिवसभराच्या अंगमेहनतीच्या कामात तसा फायदा दिसत नाही, उलट काही पाहण्यांत अपायच दिसतो. व्यायाम थोडा वेळ, जोरात, आपल्या मर्जीने. आणि मागून आराम. कामावरची मेहनत तासन्‌तास चालते. तिच्यात दम वाढेल इतका जोर नसतो, पण ठोके आणि रक्तदाब मात्र दिवसभर चढे राहतात. एकाच जागी उभं राहणं, ओझं, आणि मध्ये विसावा नाही. या मतावर वाद आहे. गरिबी आणि तंबाखूचा वाटा यात किती, असं इतर अभ्यासक विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण मला पटलं ते एवढंच: श्रम अंगी लागायचे तर विसावा लागतो. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी भिंत शोधून काढली होती.

आणि हे लिहिताना लक्षात येतं की आईला भिंतीला पाय लावून पडलेलं मी कधीच पाहिलं नाही. ती त्यांच्या पोटऱ्यांना कोमट तेल चोळायची, मग स्टोव्ह पेटवायची. पहाटे नळाला पाणी आल्यापासून रात्री भांडी घासून होईपर्यंत ती उभी. तिच्या पायांकडे बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. चाळीत अशा आया दारोदारी होत्या.

मागच्या महिन्यात लेकीबरोबर साडीच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसाठी गाद्या, खुर्च्या. साड्या दाखवणारी मुलगी उभी. तिचं एक पाऊल चपलेतून बाहेर काढलेलं, दुसऱ्या पोटरीवर दाबून धरलेलं. सकाळपासून अशीच का, विचारलं तर हसली. मागे स्टूलच नव्हतं. तिच्या मनगटावर माझं घड्याळ बांधलं असतं तर रात्री त्याने भरपूर उभं राहिल्याबद्दल तिचं कौतुक केलं असतं.

केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारात अशाच मुली बोलत्या झाल्या. शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी त्यांना एकत्र आणलं. मागणी दोनच गोष्टींची: लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या. कित्येक वर्षं झगडल्यावर 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. हृदयविकाराचे वैद्य आणि घड्याळांचे कारखाने सांगतात तितकंच मोठं आरोग्याचं काम त्या मुलींनी केलं, असं मी मानते.

ज्यांची नोकरी खुर्चीत आहे त्यांनी घड्याळाचं ऐकावं, उठावं, चालावं. मीही रोज सकाळी चालते. पण आठ तास पायांवर काढणाऱ्या माणसाला दहा हजार पावलांचा सल्ला देऊ नका. तुमच्या दुकानात, सोसायटीच्या फाटकावर, स्वयंपाकघरात जे कुणी उभं राहून काम करतं, त्यांच्यामागे स्टूल आहे का ते आजच बघा. नसेल तर आणून ठेवा, आणि बसा म्हणा.