डोंगरपायथ्याचे मुंगूस

ठाणे स्टेशनवर उतरून बसने पोखरण रस्त्याला लागले की वर्तकनगर येते. म्हाडाच्या जुन्या इमारती, त्यांच्या जागी उठणारे उंच मनोरे, भाजीच्या हातगाड्या आणि माणसांची वर्दळ. खेड्यातून आलेल्या पाहुण्याला वाटावे, इथे रानाचा काय संबंध? पण जरा मान वर करावी. समोर येऊरचा डोंगर उभा असतो. पायथ्याशी उपवन तलाव, आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल. त्यात बिबटे आहेत, चितळ आहेत. पण माणसाच्या कुंपणापाशी बिनधास्त वावरतो तो प्राणी म्हणजे आपले मुंगूस.

करड्या अंगाचे, अंगाइतक्याच लांब शेपटीचे हे जनावर दिवसाउजेडी फिरते, आणि बहुधा एकटेच. उंदीर, सरडे, विंचू, किडे, पक्ष्यांची अंडी, पडलेली फळे, त्याला सारे चालते. जिथे उकिरडा तिथे उंदीर, आणि उंदरामागे मुंगूस. हा हिशेब शहरात आणि शिवारात सारखाच.

साप चावला की मुंगूस मुंगूसवेल खाऊन बरे होते, असे आपण ऐकत आलो. खरी गोष्ट निराळी आहे. नागाच्या विषाने स्नायू लुळे पडतात. पण मुंगसाच्या शरीराची घडणच अशी, की ते विष त्याच्या स्नायूंवर नीट चिकटत नाही. शिवाय अंगात चपळाई. तरीही विष फार भिनले तर तेही मरते.

याच कुळातला मीरकॅट आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात राहतो. त्याचे मात्र एकत्र कुटुंब! कधी तीस-चाळीस जणांचे खटले एका बिळात नांदते. बाकीचे माती उकरून किडे शोधतात, तेव्हा एकजण उंचावर दोन पायांवर उभा राहून पहारा देतो. बहिणी, मावश्या पिले सांभाळतात. पिलांना विंचू खायला शिकवतात तेही क्रमाने: आधी मेलेला, मग नांगी काढलेला, शेवटी जिवंत. पण जाचही आहे. पिले घालायचा मान बहुधा थोरल्या मादीचा. धाकटीला झाली तर थोरली ती मारूनही टाकते.

आपले मुंगूस आपल्या मुलखात शोभते. १८७२ साली उसातले उंदीर मारण्यासाठी भारतातली नऊ लहान मुंगसे जमैका बेटावर नेली. ती वाढली, आणि उंदरांबरोबर तिथले पक्षी आणि कोंबड्याही फस्त करू लागली. दोष मुंगसाचा नव्हे, त्याला परक्या मुलखात सोडणाऱ्याचा.

आज त्याच्या जिवावर उठला आहे तो रंगाचा ब्रश. चित्रकलेच्या ब्रशांना मुंगसाचे केस वापरतात. किलोभर केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार आणि केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरी चोरून धंदा चालतोच.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, मुलांसाठी ब्रश घेताना केस कशाचे आहेत हे विचारावे. कृत्रिम धाग्याचाच घ्यावा. गावात कोणी मुंगसांसाठी फासे लावताना दिसला तर वनखात्याला कळवावे. कोंबडी नेते म्हणून मुंगसामागे काठी घेऊन धावण्यापेक्षा खुराड्याला बारीक जाळी मारावी, फटी बुजवाव्या. बांधावर एखादे झुडूप राखले, तर हा बिनपगारी राखणदार उंदरांचा समाचार घेत राहील. डोंगराच्या कुशीत मनोरे उठत असताना वर्तकनगरच्या कडेला तो अजून टिकून आहे. आपल्या मोकळ्या शिवारात त्याला जागा देणे काही जड नाही.