देवाचाही शिणवटा

आदिलाबाद जिल्ह्यातील आमचे बाजारहत्नूर नागपूर-हैदराबाद हमरस्त्यापासून आत, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांत वसलेले आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि भोवतालच्या वस्त्यांवर गोंडी, अशा तीन भाषांत येथील माणूस सहज वावरतो. हमरस्ता गाठावयाचा तर इचोड्याला जावे लागते. पूर्वी या वाटेने गावी टपाल येई आणि गावातून कापूस जाई. आता दूरच्या शहरातील वखारीत पडलेली साडी, पुस्तक वा औषध थोड्या दिवसांत घराच्या उंबरठ्यावर येऊन पडते. याच वाटेने उलट दिशेला गावची शिकलेली मुले निघून गेली, आणि त्यांतली काही ही वस्तू उंबरठ्यापर्यंत आणणाऱ्या कंपन्यांतच चाकरीला लागली.

माल वाहून नेणे हा धंदा काही नवा नव्हे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून याच मुलखातून जात असत. नवे आहे ते संगणकाच्या हिशेबाने चालणारे वाहतुकीचे तंत्र, आणि त्याहूनही नवा आहे त्याच्या वाढीचा वेग. डेल्हिव्हरी ही कंपनी २०११ साली गुरुग्रामला निघाली आणि २०२२ च्या मे महिन्यात तिचे भाग शेअरबाजारात आले. पुण्याची एक्सप्रेसबीज २०१५ साली फर्स्टक्रायपासून वेगळी झाली. एवढ्या अल्प काळात हा सारा व्यवसाय देशभर पसरला. ज्या घराला मजल्यावर मजला चढत आहे, त्या घरात राहणाऱ्यांची रीतभात कशी असावी हे ठरविण्यास सवड कोणाला असणार? ही मंडळी तेथे कशी नांदतात, याविषयी मला कुतूहल वाटू लागले ते माझ्या पुतण्यामुळे.

तो हैदराबादेत अशाच एका कंपनीत आहे. प्रथम तिच्या बाजूने बोलणे न्यायाचे होईल. त्या कंपनीने त्याची जात विचारली नाही, त्याच्या इंग्रजीला कोणी हसले नाही, आणि थोड्याच वर्षांत त्याला दोन वेळा बढती मिळाली. पंचविशीतल्या पोराच्या हाती अनेक शहरांतील गाड्यांची व्यवस्था सोपविण्याचे औदार्य आमच्या जुन्या पेढ्यांनी कधी दाखविले नसते. त्याच्या पगारातून माझ्या थोरल्या बंधूंचे शेतीवरील कर्ज फिटले. ‘काका, येथे वयाला नव्हे, कामाला मान आहे,’ असे तो मला अभिमानाने सांगे. आणि त्यात असत्य काही नव्हते.

गतवर्षी आश्विनात माझ्या मातोश्री निवर्तल्या. तिचा हा थोरला नातू. दसरा-दिवाळीचे दिवस म्हणजे त्या धंद्याचा ऐन हंगाम. तो गावी आला खरा, परंतु कंपनी त्याच्याबरोबर आली. दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत निःशब्द उभे होतो, आणि तो दूर चिंचेखाली, जेथे फोनला आवाज मिळत होता तेथे, कुठल्याशा अडकलेल्या गाड्यांविषयी खालच्या स्वरात बोलत होता. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. तो आजीसाठी लावला की लेकासाठी, हे मी विचारले नाही.

रात्री मी त्याच्याकडून नेमणुकीचे पत्र मागून घेतले. वकिलाला दुःखातही कागद वाचण्याची खोड असते. जवळच्या आप्ताच्या निधनाप्रीत्यर्थ भरपगारी रजा त्यात स्पष्ट लिहिलेली होती. ‘मग ही रजा तू का घेतली नाहीस?’ मी विचारले. तो म्हणाला, ‘काका, नको कोणीच म्हटले नाही. साहेबांनी सांत्वनही केले. मग एवढेच विचारले, की रात्रीपुरता लक्ष ठेवशील ना? आपण सगळे एका कुटुंबातले. अशा वेळी नाही कसे म्हणायचे?’

या उत्तरात त्या कार्यालयाची सारी रीत मला दिसली. कोठेही जुलूम नाही, उर्मट शब्द नाही. रजा कागदावर आहे. ती मागण्याचे धैर्य मात्र हळूहळू नाहीसे केले गेले आहे. पुढे त्याच्या सोबत्यांशी बोलता असे कळले, की जो रात्री अकराला उत्तर देतो त्याचे भर सभेत कौतुक होते. जो देत नाही त्याला कोणी दोष देत नाही, फक्त बढतीच्या वेळी त्याचे नाव आठवत नाही. आणि मागणी घटली तेव्हा याच कुटुंबातील काही जणांना एका सकाळी पत्रे मिळाली. कुटुंबात वाटणी होते, भांडण होते. परंतु हिशेब जमत नाही म्हणून मुलाला कोणी घराबाहेर काढीत नाही. निष्ठा कुटुंबाची मागावयाची आणि नाते मात्र कराराचे ठेवावयाचे, यात मला अन्याय दिसतो.

कायद्याने हा पेच पूर्वीच पाहिला आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला ब्रोजो नाथ गांगुली यांचा खटला एका जलवाहतूक महामंडळाविरुद्धचा, म्हणजे माल वाहणाऱ्यांच्या घरातीलच होता. कारण न देता तीन महिन्यांच्या सूचनेवर कायम नोकराला काढून टाकण्याचे कलम न्यायालयाने रद्द ठरविले. ज्याच्यापुढे सहीवाचून दुसरा मार्गच नाही, त्याची संमती ही खरी संमती नव्हे, हे त्यातील मर्म. परंतु ते महामंडळ सरकारी होते. खासगी नोकराला तो आधार तितका सहज मिळत नाही. २०२५ च्या जुलैत तेलंगण सरकारने व्यापारी आस्थापनांना दिवसाचे काम दहा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. आठवड्याची मर्यादा मात्र ४८ तासांचीच राखली. पण चिंचेखालचे तास कोणत्या हजेरीपटावर लिहावयाचे? कौटिल्याने व्याधिग्रस्त किंवा संकटात सापडलेल्या कर्मकराला सवलत द्यावी, असे अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. संकटातल्या माणसाला मोकळे सोडावे, ही गोष्ट आपल्याला परदेशातून शिकावयाची नाही.

‘पण हंगामात माल थांबवून कसे चालेल?’ असा पुतण्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. त्याला मी पंढरपूरची रीत सांगितली. आषाढीच्या यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती होत नाही. देव अहोरात्र भक्तांसाठी उभा असतो, आणि पाठीशी आधाराला लोड ठेवतात. हंगाम म्हणतात तो हाच! परंतु यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात, आणि पलंग पुन्हा आत येतो. जागरणाचा आरंभ ठरलेला, तसा शेवटही ठरलेला. जेथे देवाचाही शीण मानला जातो, तेथे माणसाचा नाकारावा हे आपल्या धर्माला धरून नाही.

आणि हे केवळ देवळातच साधते असे नव्हे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचविण्याची जी व्यवस्था सुरू केली, तीत राबणारे मावळ-खेड-जुन्नरकडील डबेवाले चैत्रात गावच्या यात्रेसाठी काही दिवस काम बंद ठेवीत आले आहेत. गिऱ्हाइकांना ते आधी कळवितात; गिऱ्हाईक तेवढे दिवस आपली सोय पाहते. करोनाच्या साथीनंतर त्यांची संख्या पुष्कळ घटली, परंतु सव्वाशे वर्षांची त्यांची पत या सुटीने कधी बुडाली नाही. वक्तशीरपणाबद्दल जगभर ज्यांचे नाव झाले, त्यांना वर्षातून एकदा थांबता येते.

पुतण्याने नोकरी सोडावी असे मी सांगितले नाही. चाकरी सोडणे सोपे, तिची रीत सुधारणे अवघड, आणि त्याच्या हाताखाली आज अनेक मुले आहेत. त्याने वर्षश्राद्धाची रजा आताच लेखी मागितली आहे, आणि आपल्या मुलांना रात्री नऊनंतर फोन करावयाचा नाही असा नेम केला आहे. वरच्यांना तो किती दिवस मानवेल हे पाहावयाचे.

आपण वाचकही या व्यवहाराबाहेरचे नाही. लक्ष्मीपूजनाचे साहित्य आदल्या रात्री मागवून सकाळी मिळावे असा हट्ट धरणारे आपणच असतो. आपल्यापैकी अनेक जण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. जात्रेचा ताळेबंद मांडताना पुजारी, वाजंत्री, आचारी आणि झाडलोट करणारी बाई यांना जात्रेनंतर किती दिवस विसावा मिळाला, हा प्रश्न पुढल्या सभेत कोणीतरी विचारावा. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार त्यानंतर आपल्याला येईल.