एक्सेलचं स्टॉपेज

फौजेतून पेन्शन आलो तेव्हा वाटलं, आता पोस्टिंग संपल्या. पण माजी सैनिकांच्या सिक्युरिटी एजन्सीत नाव घातलं आणि ऑर्डर निघाली: नंजनगूड. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ४३ गार्डांचा सुपरवायझर. बायको याला माझी ‘शेवटची पोस्टिंग’ म्हणते. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला क्लार्क हवालदार. आयुष्यभर परेड स्टेट आणि नॉमिनल रोल केले. त्यामुळे हजेरी आणि पगाराचं एक्सेल आपसूक माझ्याच गळ्यात पडलं.

ऑगस्टची ५ तारीख होती. कबिनी धरणातून पाणी सोडलेलं, नदीकाठचा सोळा खांबी मंडप बुडायला आलेला, गावात सगळी चर्चा पाण्याची. माझ्यापुढे मात्र वेगळंच संकट. पगार ७ च्या आत व्हायला हवा, आणि पगाराची फाइल उघडली की अख्खा कॉम्प्युटर गोठायचा. आधी पडदा पांढरा होणार, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येणार, मग माऊसचा बाण अडखळत चालणार आणि शेवटी तोही थांबणार. मी काय केलं? दहा वेळा क्लिक केलं. मग बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं. असं तीनदा. चौथ्यांदा गेटवरचा पोरगा म्हणाला, “सर, सिस्टीम हँग आयितु,” जणू मला दिसतच नव्हतं.

ऑफिसातला कॉम्प्युटरवाला मुलगा आला आणि दोन मिनिटांत निकाल देऊन गेला: मशीन जुनं आहे, चार जीबी रॅम आहे, नवीन मागवा. नवीन मशीन दोन दिवसांत कुठून येणार?

चहा पिताना एलएमजीचं ट्रेनिंग आठवलं. गन अडकली की ट्रिगर ओढत बसायचं नाही. उस्ताद पाठीत गुद्दा घालून विचारायचे, “रुकी क्यों?” क्लार्क असलो तरी फायरिंग रेंज चुकली नव्हती. तर इथेही तेच विचारायला हवं होतं.

आधी दुसऱ्या दोन फायली उघडून बघितल्या. झटकन उघडल्या. म्हणजे रोग मशीनमध्ये नाही, या फाइलमध्ये आहे. फाइलचा आकार बघितला: ६१ एमबी! ४३ माणसांची हजेरी आणि ६१ एमबी? माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बमही एवढा नसेल.

मूळ फाइलला हात न लावता तिची कॉपी केली. कंट्रोलचं बटण दाबून धरून एक्सेल उघडलं की ते सेफ मोडमध्ये उघडतं, बाकीचं लटांबर सोबत येत नाही. मग कोऱ्या पानावरच फॉर्म्युलाच्या मेनूत जाऊन कॅल्क्युलेशन मॅन्युअल केलं, म्हणजे सांगितल्याशिवाय ते हिशोब करत बसणार नाही. त्यानंतर कॉपी उघडली. सात मिनिटं लागली, पण उघडली. मी खुर्चीवरून उठलोच नाही, श्वास लागला तर बंद पडेल असं वाटत होतं.

कंट्रोल आणि एंड दाबलं की एक्सेल तुम्हाला पानाच्या वापरलेल्या शेवटच्या घरात नेऊन सोडतं. मला वाटलं ४५ व्या ओळीवर जाईल. गेलं १०,४८,५७६ व्या ओळीवर. एक्सेलच्या पानाची ही शेवटची ओळ, त्यापुढे जगच नाही. (२००७ च्या आधी ती ६५,५३६ होती. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार केसेस याच जुन्या मर्यादेमुळे नोंदीतून गळाल्या होत्या. तेव्हा फक्त आपलीच फजिती होते असं समजू नका.)

झालं होतं असं. एप्रिलमध्ये मी ओव्हरटाइम शोधून आणणारा व्हीलुकअप लिहिला आणि ४५ व्या ओळीपर्यंत ओढण्याऐवजी पानाच्या तळापर्यंत भरला. रिकाम्या ओळींत एरर दिसू नये म्हणून वर इफएररचं पांघरूण घातलं: सापडलं नाही तर जागा कोरी ठेव. साहेबांना शीट स्वच्छ दिसली पाहिजे, ही फौजेतली सवय. मग दर महिन्याला तेच पान कॉपी. चार पानं, चाळीस लाखांहून जास्त फॉर्म्युले. रॅम भरली की कॉम्प्युटर तो भार हार्ड डिस्कवर टाकतो, आणि जुनी डिस्क बिचारी किती धावणार. म्हणून एक्सेलबरोबर सगळंच गोठायचं.

चारही पानांवर ४६ व्या ओळीपासून खाली सगळं डिलीट केलं, सेव्ह केलं. फाइल अर्ध्या एमबीच्या आत आली. इथली आख्यायिका अशी की टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे नंजुंडेश्वराने बरे केले, म्हणून त्याने देवाला हकीम म्हटलं. मी मनातल्या मनात हकीमसाहेबांना सॅल्यूट ठोकला.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जुलैचं पान नव्याने करताना मी इफएरर काढून टाकला. अकरा ठिकाणी #एन/ए उभं राहिलं. दहा जणांनी खरंच ओव्हरटाइम केला नव्हता. अकरावा होता रात्रपाळीचा नायक, कोडगूचा, एप्रिलमध्ये आलेला. रजिस्टरमध्ये त्याच्या डबल ड्यूट्या स्पष्ट लिहिलेल्या. शीटमध्ये त्याचा टोकन नंबर इतरांसारखा उजवीकडे नव्हता, घराच्या डाव्या कडेला चिकटला होता. मी भरताना तो आकडा मजकूर म्हणून नोंदला गेला होता. एक्सेलच्या लेखी तो आकडाच नव्हता. एप्रिल, मे, जून, तीन महिने त्याची जागा कोरी, आणि मी त्या कोऱ्या जागेला ‘ओटी नाही’ समजत आलो होतो.

रजिस्टरवरून हिशोब केला. ८,२०० रुपये.

संध्याकाळी त्याला बोलावलं, पडदा दाखवला, चूक माझी आहे असं सांगितलं. तो सावधानमध्येच उभा होता. विचारलं, तीन महिने बोलला का नाहीस?

“साब, मैंने सोचा नये आदमी का ओटी कटता होगा.”

मग जरा थांबून त्याने विचारलं, की हे पैसे ६ तारखेला मिळतील का, मुलीच्या कॉलेजच्या फीची शेवटची तारीख ७ आहे. मी एजन्सीला फोन लावला. चौथ्या रिंगला उचलला.